गिरणीच्या पत्र्याचं भोक

काशीगाव, मिरा रोड (पूर्व)
बुधवार, जेवणाची सुट्टी

ती. पंचशीला आक्का हिला धाकट्या कोंडिरामचा मनापासून जय भीम.

इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितोय. खरं तर सगळे खुशाल आहेत, मी एकटाच नाही. तुझा गुडघा कसा आहे? तेल संपलं असेल तर कळव. दाजींचं बीपी, दारातला फणस आणि ती मारकी शेळी (गेल्या मे महिन्यात जिने माझा चष्मा चघळला) ह्यांचीही खुशाली कळव. पत्र बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. हल्ली पत्र आलं की माणसांना तेवढंच सुचतं. फोन करता आला असता, पण आमच्या घरात फोन म्हणजे जाहीर सभा. मी हॅलो म्हणायच्या आत प्रभावती "स्पीकरवर टाका" म्हणते, आणि मला जे सांगायचंय ते नेमकं तिच्यापासून आणि लोकेशपासून लपवायचंय. व्हॉट्सॲपवर लिहावं तर तुझा मोबाईल नातवंडांच्या ताब्यात. म्हणून कारखान्याच्या स्टोअरमध्ये बसून हे लिहितोय (कागदाच्या मागे "झाकणं, स्टील, छोटी" असं छापलंय, तिकडे लक्ष देऊ नकोस) आणि तुझ्या गणेशच्या हाती पाठवतोय. तो उद्या खेडला निघतोय, शनिवारी परत येणार आहे. पोरगा गुणी आहे, वाटेत पाकीट फोडणार नाही. तरी मी डिंक लावून वर सही केलीये.

तुला आमची नवजागृती आठवत असेल. नवजागृती क्रीडा मंडळ, फुटबॉल विभाग (दुसरा कुठला विभाग कधी निघालाच नाही, पण बोर्डावर कबड्डीसाठी जागा सोडलेली होती). नव्व्याण्णव साली आम्ही काशीगावातल्या आठ-दहा जणांनी काढली. गोलात मी. जर्सी गडद निळी घेतलेली, ती पहिल्या धुण्यात आभाळी झाली आणि तिसऱ्या धुण्यात पांढरी, आणि मग एका सामन्यात समोरची टीमही पांढऱ्या जर्सीत आली आणि अर्धा वेळ आमची पोरं आपल्याच पोरांकडून बॉल काढून घेत होती. असो. सतरा वर्षं मी त्या टीमला दिली. आधी गोलकीपर, मग मॅनेजर, मग नुसताच बाजूला उभा राहून ओरडणारा. सतरा वर्षांत आम्ही पहिली फेरी चार वेळा ओलांडली, त्यातल्या दोन वेळा समोरची टीम आलीच नव्हती. पण मी एकही सामना चुकवला नाही. लोकेशच्या बारशाच्या दिवशीसुद्धा मी दुपारी मैदानावर होतो, हे प्रभावती अजून विसरलेली नाही आणि मलाही विसरू देत नाही.

मग तो सात-शून्यचा सामना झाला. (सातवा गोल आमच्याच पोराने आमच्याच जाळ्यात डोक्याने मारला. फार सुंदर होता, समोरच्यांनीही टाळ्या वाजवल्या.) सामना संपल्यावर आमचा सेक्रेटरी विठू सगळ्यांदेखत म्हणाला, की कोंडिदादा बाजूला उभे असले की बॉललासुद्धा कळतं आपल्याला कुठे जायचंय ते. पोरं हसली. मागून कोणीतरी "पनवती" असा शब्द काढला. आक्का, मला! ज्याने वीस वर्षं विहारात अंधश्रद्धेवर भाषणं केली, ज्याचं "मांजर आडवं गेलं तर काय होतं" हे व्याख्यान (उत्तर: मांजर पलीकडे जातं) थेट वसईपर्यंत गाजलं, त्या माणसाला पनवती! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गळ्यातली शिट्टी काढून तिथल्या तिथे गटारात टाकली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, ह्या टीमचं तोंड पुन्हा बघणार नाही. आणि नऊ वर्षं नाही बघितलं. मैदान दिसू नये म्हणून कारखान्यात जाताना मागच्या गल्लीने वळसा घालून जायचो. दहा मिनिटं जास्त लागायची, पावसात बूट भिजायचे, पण शब्द म्हणजे शब्द.

आता खरी गोष्ट. दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी प्रभावतीने पाच किलो गव्हाचा डबा हातात दिला. आमची नेहमीची पिठाची गिरणी बंद निघाली, म्हणून नाइलाजाने (नाइलाजाने, हे लक्षात ठेव) मैदानाला लागून असलेल्या रामूच्या गिरणीत गेलो. रामू जौनपूरकडचा, माणूस भला पण शिस्तीचा. भिंतीवर पाटीच लावलीये: "बिना दळण खडे रहना मना है." त्याच्या गिरणीची मागची भिंत म्हणजे नुसता पत्रा, आणि पत्र्यापलीकडे दहा पावलांवर मैदानाचा गोलपोस्ट. पत्र्याला खिळ्याचं भोक होतं, वाटाण्याएवढं. मी मुद्दाम डोळा लावला नाही, शपथ. नंबर लागेपर्यंत जरा पाठ टेकली, आरडाओरडा ऐकू आला म्हणून कान लावला, आणि कानाच्या जागी डोळा कधी आला ते मला कळलंच नाही. नवजागृती एक-शून्यने मागे होती, म्हणजे सगळं जागच्या जागी होतं. फक्त गोलात जो पोरगा उभा होता, त्याचा एक मोजा वर आणि एक खाली होता. असा मोजा अख्ख्या मिरा-भाईंदरमध्ये एकाच घरातली माणसं घालतात. हातात माझे ग्लोव्हज होते, माळ्यावरच्या ट्रंकेतले, अंगठ्याला मी स्वतः दाभणाने शिवलेले. लोकेश! आम्हाला दोन वर्षं सांगत होता की रविवारी जिमला जातो.

मी ओरडणार होतो, पण तेवढ्यात त्याने एक बॉल असा अडवला की तसा मी सतरा वर्षांत एकदाही अडवला नव्हता. नंतर आमच्या पोरांनी दोन गोल केले आणि दोन-एकने जिंकले. नवजागृती मागून येऊन जिंकली, आक्का! मी पत्र्याला चिकटून उभा आणि डोळ्यांतून धारा. रामूने विचारलं तर म्हटलं, काही नाही, पीठ गेलं डोळ्यात. तो म्हणाला, "अंकल, अभी तो मशीन चालू ही नहीं किया." नऊ वर्षांचा राग कुठे गेला मला सांगता येणार नाही. घरी येताना डबा डोक्यावर होता आणि तोंडात आमची जुनी घोषणा होती, आणि गल्लीतल्या लोकांना वाटलं मी निवडणुकीला उभा राहतोय.

आता मी विज्ञानवादी माणूस. एकदा दिसलं म्हणून लगेच मान डोलावणारा नव्हे. म्हणून पुढच्या रविवारी प्रयोग म्हणून मुद्दाम घरी बसलो. तीन-शून्यने हरले. त्याच्या पुढच्या रविवारी परत पाच किलो गहू घेऊन रामूकडे गेलो, जिंकले. आता तूच बघ. समोर उभा राहिलो तर हार, घरी बसलो तर हार, आणि दळण टाकून भोकातून एका डोळ्याने बघितलं तर जीत. ही अंधश्रद्धा नव्हे. धान्य दळून आणणं ही घरगुती कामाची बाब आहे, कुठल्याही पुस्तकात त्याला मनाई नाही. (तरी विहारातल्या कोणाला सांगू नकोस. पुढच्या महिन्यात माझं "अंगारा, ताईत आणि आपण" ठेवलंय.)

उपांत्यपूर्व सामन्याला घरात गहू शिल्लक नव्हता, तर मी तांदूळ नेला. तिथे बघतो तर पत्र्याचं भोक चांगलं वाटीच्या तोंडाएवढं झालेलं, कडा कानशीने घासून गुळगुळीत केलेल्या, खाली बसायला एक स्टूल. रामूला विचारलं तर म्हणाला, "चूहा होगा, अंकल." आता पत्रा कुरतडून कडा घासणारे उंदीर मिरा रोडला असतीलही, मी वाद घातला नाही. जिंकलो. उपांत्य सामन्याला हरभऱ्याची डाळ नेली. आता घरात एवढं पीठ झालंय की डबे संपले, पातेली संपली, शेवटी तांदळाचं पीठ प्रेशर कुकरमध्ये भरून ठेवलंय आणि तीन आठवडे वरण बाहेरच्या पातेल्यात शिजतंय. रोज सकाळी घावणे, दुपारी पिठलं, संध्याकाळी चपात्या, रविवारी भजी. लोकेश मात्र एकेका वेळेला आठ-आठ चपात्या खातोय, वर "आई, अजून एक" म्हणतोय. गोलकीपरला एवढं खाणं बरं नाही. उडी मारताना जड जाईल, पण मी कसं बोलणार? मला तो गोलकीपर आहे हेच ठाऊक नाही ना!

गेल्या रविवारच्या उपांत्य सामन्याचं ऐक, म्हणजे मला झोप का येत नाही ते कळेल. बरोबरीत सुटला, पेनल्टीवर गेला. पेनल्ट्या नेमक्या माझ्या बाजूच्या गोलपोस्टवर. शेवटची पेनल्टी, लोकेशने अडवली तर आम्ही फायनलला. गिरणी धडधडतेय, माझी छाती तिच्याहून जास्त धडधडतेय, आणि तेवढ्यात लाईट गेली. गिरणी बंद. रामू डबा उचलून म्हणतो, "अंकल, लाईट गया, कल आना." म्हणजे दळण अर्धवट! मी डब्याला मिठी मारली, त्याला सोडेना. भोकातून बघतो तर मारणाऱ्या पोराची टाच बाहेर वळलेली. सतरा वर्षं गोल खाल्लेल्या माणसाला ते कळतं गं. माझ्या तोंडून निघून गेलं, "लोक्या, उजवीकडे!" गिरणी चालू असती तर कोणाला ऐकू गेलं नसतं. पण बंद होती, आणि मैदानावर सगळे श्वास रोखून उभे होते. लोकेश उजवीकडे झेपावला, अडवला, जिंकलो, आणि मी पुढची वीस मिनिटं रामूच्या गव्हाच्या पोत्यांमागे दडून बसलो. कोणी ओळखलं नसावं. आवाज मी थोडा बदलला होता, असं मला वाटतं.

तर आता येत्या रविवारी चार वाजता फायनल. समोर मुर्ध्याची टीम. खाडीकाठची पोरं, दम कधी संपत नाही त्यांचा. माझ्याबरोबर पॅकिंगला असलेला धाकू मुर्ध्याचाच, तो रोज डबा खाताना माझ्यासमोर बसून म्हणतो, "गमरे, कप आमचाच हाय. तुमची पोरं अर्धा टाईम पन टिकनार न्हाय." मी म्हणतो, माझा त्या टीमशी काही संबंध नाही. तो म्हणतो, "मंग भाजी का खाली सांडता?" दोनदा गल्लीतल्या डॉक्टरकडे जाऊन आलो, ते म्हणतात गॅस आहे, पीठ कमी खा. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा फायनल, आक्का. हरायची एवढी सवय झाली होती की हरलो की जेवण जायचं. आता जिंकायला लागलेत तर घास उतरत नाही.

आणि सगळ्यात कठीण परवाच झालं. सोमवारी जेवताना लोकेश मान खाली घालून म्हणाला, "बाबा, मी नवजागृतीकडून खेळतो. रविवारी फायनल आहे. याल?" मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "त्या टीमचं तोंड बघणार नाही, हे तुला माहीत नाही?" असं म्हणालो खरं. पोराचा चेहरा एवढासा झाला. उठून गेला, जाताना दोन चपात्या मात्र घेऊन गेला. मला रागावू नकोस. मी समोर खुर्चीवर जाऊन बसलो आणि ते हरले, तर तो जन्मभर मनात म्हणेल की बाबा आले म्हणून हरलो. तोंडाने म्हणणार नाही, तसा नाही तो. पण मला ते ऐकू येत राहील. मला तो कप नको, काही नको. माझ्यामुळे पोरगा हरायला नको, एवढंच. मी आपला भोकाशीच बरा. त्याला कळणार नाही, पण मी तिथे असेन.

बाकी सगळं ठीक. सुट्टी संपल्याची घंटा झाली, धाकू इकडेच येतोय, म्हणून आवरतं घेतो. दाजींना माझा जय भीम, नातवंडांना पापा, शेळीला लांबूनच नमस्कार.

तुझा भाऊ,
कोंडिराम

ता. क. एक किरकोळ राहिलंच. गणेश शनिवारी येताना त्याच्याकडे पाच किलो नाचणी दे. अख्खी दे. कृपा करून दळून, निवडून, भाजून, सत्त्व काढून असं काही करू नकोस, तुझा हात त्या बाबतीत फार पुढे आहे म्हणून सांगतोय. प्रभावतीने काल धान्याच्या कोठीला कुलूप लावलंय. म्हणते, हे पीठ संपेपर्यंत घरातून एक दाणा बाहेर जाणार नाही. किराणावाल्या चंदनला सांगून ठेवलंय, की ह्यांना पाव किलोसुद्धा देऊ नकोस. आणि दळण नसेल तर रामू मला उभा करणार नाही, पाटी तशी स्पष्ट आहे. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही (ती सायकल सोडून).

ता. क. २. पाच नको, सात किलो दे. पेनल्टीवर गेला तर वेळ लागतो.

ता. क. ३. आक्का, जय भीम. मी प्रभावती. गणेशने पाकीट सरळ माझ्या हातात आणून दिलं. पोरगा खरंच गुणी आहे. दुधाच्या वाफेवर उघडलं, ह्यांची सही तशीच आहे, काळजी नसावी.

ह्यांना वाटतं कोणाला माहीत नाही. रामूने मला पहिल्याच रविवारी सांगितलं, की अंकल पत्र्याला डोळा लावून रडत होते. मी लोकेशला बोलले. तर तो उपांत्यपूर्व सामन्याच्या आदल्या दिवशी कानस घेऊन गेला आणि भोक मोठं करून आला. बाबांची मान दुखते म्हणाला. स्टूलही त्यानेच नेलं, आमच्याच मोरीतलं आहे, ह्यांनी ते ओळखलंसुद्धा नाही. चपात्या खातो त्याही म्हणूनच. पीठ संपलं तर बाबा परत दळायला येतील ना, असं म्हणतो, आणि नववी चपाती गिळताना त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. आई आहे मी, मला बघवत नाही. म्हणून कुलूप घातलं. म्हटलं, दळण नसलं तर निदान हा माणूस सरळ समोर जाऊन बसेल. तर ह्यांनी खेडहून नाचणी मागवली! काय म्हणावं आता.

"लोक्या, उजवीकडे" हे अख्ख्या मैदानाने ऐकलं. सोमवारी हे कारखान्यात असताना विठूभाऊ घरी आले होते. खूप ओशाळले होते, चहासुद्धा घेतला नाही. म्हणाले, वहिनी, नऊ वर्षांपूर्वी तोंडातून गेलं ते गेलं, रविवारी दादांना गोलाच्या बाजूलाच बसवायचंय. नवी जर्सी आणलीये ह्यांच्यासाठी, गडद निळी, मी पाण्यात बुडवून बघितली, रंग जात नाही. पाठीवर "कोंडिदादा" आणि खाली १ नंबर, गोलकीपरचा. लोकेशचाही एकच नंबर आहे. त्याने मागून घेतला म्हणे.

हातात दिली तर हे घेणार नाहीत, तुम्ही तुमच्या भावाला ओळखता. म्हणून ती मी घडी घालून दळणाच्या रिकाम्या डब्यात ठेवलीये आणि झाकण घट्ट लावलंय. तेव्हा आक्का, नाचणी सात किलो नक्की पाठवा, आणि अख्खीच पाठवा. त्याशिवाय हे डबा उघडायचे नाहीत.